सुपरिंटेंडंट साहेब, थोडं लाल राहू द्या

प्रति,
मुंबईतल्या शिप मॅनेजमेंट ऑफिसांमधले सर्व टेक्निकल सुपरिंटेंडंट आणि फ्लीट मॅनेजर यांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आलेलं बघून काहींना नवल वाटेल. आपली कामं इंग्रजीत चालतात आणि फोनवरची भांडणं हिंदीत. पण तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच रत्नागिरी-रायगडकडचे आहेत, आणि अंधेरी-पवईच्या ऑफिसात समोरासमोर बसलो की दुसऱ्या वाक्याला मराठीवर येतात. शिवाय मला जे सांगायचंय ते इंग्रजीत लिहिलं की त्याचं ऑब्झर्व्हेशन होतं, त्याला नंबर पडतो आणि पंधरा दिवसांत ते क्लोज होतं. हे क्लोज होऊ नये म्हणून मराठीत.

मी चीफ इंजिनिअर. बोटीवर चढून पंचवीस वर्षं झाली. सध्या रजेवर, गुहागरला. विषय एकच, पीएमएस, म्हणजे प्लॅन्ड मेंटेनन्स सिस्टीम.

ज्यांच्या घरचं कुणी बोटीवर आहे पण ज्यांना हा शब्द ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जहाजावरच्या प्रत्येक यंत्राला, पंपाला, अगदी लाइफबोटीच्या हुकालासुद्धा कॉम्प्युटरमध्ये एक नंबर असतो आणि त्या नंबराखाली कामं लावलेली असतात. लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला चालवून बघा. जनरेटरचे फ्युएल व्हॉल्व्ह अमुक हजार तासांनी काढा. मेन इंजिनचा अमुक भाग ५ वर्षांच्या चक्रात क्लासच्या, म्हणजे जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेयरला दाखवा. मुदत जवळ आली की काम पिवळं होतं, उलटली की लाल. काम करून शेरा लिहिला आणि बटण दाबलं की हिरवं. सॉफ्टवेअर एमॉस असो की दुसरं कुठलं, रंगांचा हा खेळ सगळीकडे तोच.

मी ज्युनिअर असताना एका जुन्या बोटीवर कंट्रोल रूमच्या भिंतीवर अजून कार्डांचा बोर्ड होता. एका पंपाला एक कार्ड. माझा तेव्हाचा सेकंड इंजिनिअर कार्ड दिव्यासमोर धरून बघायचा. कार्डावर तेलाचा अंगठा असेल तर काम झालं, कार्ड कोरं करकरीत असेल तर काम खुर्चीत बसून झालं. कॉम्प्युटरवर अंगठा उमटत नाही. माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे, पण तिकडे येण्याआधी एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी सिंगापूरच्या अँकरेजवर लाँचमधून एका बल्क कॅरिअरवर चढलो. आधीच्या चीफसाहेबांनी पाच तासांत हँडओव्हर दिला आणि त्याच लाँचने ते उतरले. पीएमएस हिरवंगार. ओव्हरड्यू शून्य. इतकी हिरवी बोट मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि तेव्हाच खरं तर पोटात गोळा यायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी थर्ड इंजिनिअरला घेऊन जनरेटरकडे गेलो. पोरगा साताऱ्याचा, तोही नवाच, माझ्या आठ दिवस आधी चढलेला. जनरेटरवर हाय प्रेशरच्या तेलाचा पाइप दुहेरी असतो. आतला पाइप फुटला तर तेल बाहेरच्या नळीतून खाली एका छोट्या डब्यात जमतं, डब्यातला फ्लोट वर येतो आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो. तो वाजला नाही आणि तेल उडून गरम एक्झॉस्टवर पडलं, तर पुढे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. २२० अंशांच्या वर तापणारा पृष्ठभाग झाकलेला असावा हा सोलासचा, म्हणजे समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम त्याच भीतीपोटी आहे. तर, चाचणी सोपी आहे. डब्यात मगभर डिझेल ओतायचं आणि अलार्मची वाट बघायची.

"ओत," म्हटलं. त्यानं ओतलं. आम्ही उभे. काही नाही. "अजून एक मग." डबा भरून वाहायला लागला, कंट्रोल रूममधून बत्ती साब, म्हणजे आमचा इलेक्ट्रिकल ऑफिसर, काचेतून आमच्याकडे बघत मान हलवतोय. अलार्म नाही.

डबा उघडला. फ्लोट तळाशी डांबरासारख्या गाळात रुतलेला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडून काढावा लागला. दुसऱ्या जनरेटरचं तेच. तिसऱ्याचा तेवढा चालला, तोही डबा दोनदा ठोकल्यावर.

मग वर येऊन हिस्टरी उघडली. चौदा महिने, दर महिन्याला नोंद आहे. तपासलं, समाधानकारक आढळलं. चौदाही नोंदी शब्दशः सारख्या. इंग्रजीतल्या सॅटिस्फॅक्टरीच्या स्पेलिंगमधला ओ चौदाही वेळा गायब. या काळात तीन थर्ड इंजिनिअर येऊन गेले होते. तीन पोरं, तीन कॉलेजं, तीन हस्ताक्षरं, आणि गहाळ झालेला ओ मात्र एकच.

ती पोरं कामचुकार नव्हती. त्यातल्या एकाबरोबर मी नंतर काम केलं, आजही मी त्याला डोळे मिटून वॉच देईन. त्यानं मला सरळ सांगितलं, "सर, महिनाअखेर होती, मॅन्युव्हरिंग चालू होतं, ऑफिसचा मेल आला की ओव्हरड्यू झिरो पाहिजे. मागची लाइन कॉपी केली."

मी त्या जॉबखाली खरं तेच लिहिलं. फ्लोट गाळात अडकलेला आढळला, साफ केला, चाचणी झाली, आधीच्या नोंदींविषयी शंका आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "अहो चीफ, असं लिहायचं नसतं. साफ केलंत ना? मग साफ केलं एवढंच लिहा. पुढच्या पोर्टला इन्स्पेक्टर चढला आणि त्यानं हे वाचलं तर मला उत्तर द्यावं लागेल."

कंपनी कोणती ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. असा फोन तुमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी केलाय. आणि उद्या मी किनाऱ्यावर येऊन तुमच्या खुर्चीत बसलो तर मीही करेन, याची मला भीती वाटते. म्हणून खुर्चीत बसायच्या आधी हे लिहून ठेवतोय.

तुम्ही ऑडिट करता, तुम्हाला आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली, पाठ आहे. त्यातलं दहावं प्रकरण देखभालीचं. त्यात म्हटलंय की ठरावीक काळानं तपासणी करा, काही बिघाड सापडला तर संभाव्य कारणासह कळवा, दुरुस्ती करा, नोंद ठेवा. बिघाड कळवणं हे कोडनं सांगितलेलं काम आहे. आणि हा कोड आला कुठून? ६ मार्च १९८७ ला झीब्रुग्गा बंदरातून हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरीबोट पुढचा दरवाजा उघडा ठेवून निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. दरवाजा लावणारा माणूस केबिनमध्ये झोपलेला होता. पण कॅप्टननं दरवाजा बंद आहे असं का धरलं? कारण तिथली पद्धतच तशी होती. उलट निरोप आला नाही, म्हणजे सगळं ठीक. त्या अपघातानंतरच्या धक्क्यातून हा कोड घडत गेला, १९९८ पासून टँकर, बल्क कॅरिअर आणि प्रवासी जहाजांना आणि २००२ पासून बाकीच्या मालवाहू जहाजांना तो सक्तीचा झाला.

आता आपल्या हिरव्या स्क्रीनकडे बघा. उलट निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक. कोटभर रुपयांचं सॉफ्टवेअर घेऊन आपण फिरून तिथेच आलो.

पूर्वी आमचा डेटा आठवड्यातून एकदा ईमेलनं जायचा. आता सॅटेलाइटचं नेट आहे, सकाळी तुमचा चहा व्हायच्या आत आमचं लाल तुम्हाला दिसतं. चांगलंच आहे. पण त्यातून तुम्ही आकडा काढलात, ओव्हरड्यू टक्केवारी. तो आकडा फ्लीटच्या मीटिंगमध्ये लागला. मग बोटींची क्रमवारी लागली. मग चीफच्या अप्रेझलमध्ये तो घुसला. त्या दिवसापासून पीएमएस इंजिनाविषयी काही सांगायचं थांबलं आणि आमच्याविषयी बोलायला लागलं. आमच्याविषयी वाईट बोललेलं आम्हाला तरी कसं आवडेल?

आकड्यांचं म्हणाल तर एकदा एप्रिल महिन्यात जनरेटर नंबर २ नं ७३१ तास काम केल्याची नोंद मी पाहिलीय. एप्रिलचे तास होतात ७२०. जनरेटर महिनाभर क्षणभरही न थांबता चालला आणि वर अकरा तास ओव्हरटाइम करून गेला. या नोंदीवर ऑफिसातून प्रश्न आला नाही, कारण रंग हिरवा होता.

दुसरी गंमत. एका बोटीचं पीएमएस तिच्या थोरल्या बहिणीवरून, म्हणजे सिस्टर शिपवरून, जसंच्या तसं उतरवलं होतं. थोरलीला बिल्जचे, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणारे, तीन पंप, हिला दोन. पण तिसऱ्या पंपाचा जॉब लायब्ररीत आलाच. ग्लँड पॅकिंग तपासा, गरज पडल्यास बदला, दर तीन महिन्यांनी. हिस्टरी उघडली तर दोन वर्षं नसलेल्या पंपाचं पॅकिंग अगदी वेळच्या वेळी बदललं जात होतं. एकदा तर पॅकिंगची साइजही लिहिली होती. हा जॉब काढून टाका म्हणून मी तीनदा फॉर्म भरला. डेटाबेस टीमकडे पाठवलंय, असं तीनदा उत्तर आलं.

आता जरा किनाऱ्यावर या. हर्णैला माझ्या मावसभावाची मासेमारीची बोट आहे, सहा सिलिंडरची. त्याचं पीएमएस म्हणजे केबिनमध्ये खिळ्याला दोरीनं लटकवलेली दोनशे पानी वही, पानांना माशाचा वास. गेल्या महिन्यात ती चाळत बसलो होतो. एके ठिकाणी लिहिलंय, "पाण्याचा पंप गळतो. डोरी भरली. टिकेलसं वाटत नाही." तीन पानांनी पुढे, "पंप अजून गळतोच. रविवारी बघू." मग, "रविवारी लग्नाला गेलो." असं ऑडिटरनं वाचलं तर त्याला चक्कर येईल. पण पावसाळी बंदीत बोट वर ओढून शाकारली की हा माणूस ती वही पहिल्या पानापासून वाचतो आणि जिथे "टिकेलसं वाटत नाही" लिहिलंय ते सगळ्यात आधी खोलतो. त्याला वहीत खोटं लिहायचं सुचतच नाही, कारण लिहिणारा तोच, वाचणारा तोच आणि बारा वाव पाण्यात ते इंजिन घेऊन जाणारा पण तोच. आपल्याकडे लिहिणारा एक, वाचणारा दुसरा, आणि इंजिनाशी झोपणारा तिसराच, चार महिन्यांनी सही करून चढणारा. हिस्टरी आपण वाचतो ती ऑडिटच्या आदल्या रात्री.

तुम्ही म्हणाल, चीफ, एका फ्लोटवरून एवढं? बरं, मोठ्या गोष्टी घ्या. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात वायकिंग स्काय या क्रूझ जहाजाची इंजिनं बंद पडली. जहाजावर १,३७३ माणसं, आणि खडक अगदी जवळ. कारण निघालं ल्यूब ऑइलचं, म्हणजे वंगणाचं. इंजिनाखालच्या टाकीतली तेलाची पातळी कमी, जहाज लोळायला लागलं तसा पंप हवा ओढू लागला. आणि २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरचा पूल पाडणारं डाली हे मालवाहू जहाज. २१ खलाशांपैकी २० आपले भारतीय, म्हणून आपण सगळ्यांनीच तो व्हिडिओ पोटात कालवाकालव होत पाहिला. पुलावरचे सहा कामगार गेले. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं शेवटी बोट ठेवलं ते एका सैल वायरवर. वायरवरच्या लेबलची पट्टी अशी बसली होती की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण शिरलीच नाही. पहिल्यांदा वीज गेली ती त्यामुळे. वीज परत आली आणि पुन्हा गेली, कारण जनरेटरला इंधन पुरवायला फ्लशिंग पंप, म्हणजे खरं तर पाइप धुण्यासाठीचा पंप, लावलेला होता, आणि तो वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा नव्हता.

डालीवरच्या या दोन्ही गोष्टी कुठल्याही पीएमएसमध्ये लाल होऊन समोर आल्या नसत्या. टर्मिनलवर वायर ओढून बघा असा शेकडो वायरींचा जॉब कुणी लिहीत नाही, आणि फ्लशिंग पंपाची सवय पडली की तो रोजचाच वाटतो. असली गोष्ट फक्त एकाच वाटेनं वर येते. खालचा एखादा बत्ती साब किंवा पाच साब, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, जाता जाता म्हणतो, "सर, हे काहीतरी वेगळंच दिसतंय," आणि ते कुठेतरी लिहिलं जातं. ज्या पोराला चौदा महिन्यांत आपण शिकवलंय की आढळलेलं लिहायचं नसतं, तो हे सांगायला तुमच्याकडे येईल का?

माझं मागणं फार मोठं नाही. पहिलं म्हणजे लाल दिसलं की फोन करू नका, आधी प्रश्न विचारा की कशामुळे लाल. प्युरिफायरचं, म्हणजे तेल शुद्ध करणाऱ्या यंत्राचं, मेजर ओव्हरहॉल लाल असेल आणि त्याच्या सीलचं रिक्विझिशन, म्हणजे मागणीपत्र, साडेतीन महिने तुमच्या टेबलावर तिमाहीच्या बजेटसाठी थांबलं असेल, तर ते लाल माझ्या नावावर का? त्या जॉबसमोर रिक्विझिशनचा नंबर आणि तारीख दिसू द्या. मीटिंगमध्ये ऑफिसचं लाल आणि बोटीचं लाल वेगळं मोजा. पहिल्याच महिन्यात काय दिसेल याची मला कल्पना आहे, तुम्हालाही आहे.

दुसरं, "काय केलं" या रकान्याच्या आधी "काय आढळलं" हा रकाना सक्तीचा करा आणि त्यात मागची ओळ चिकटवायची सोय बंद करा. हाताला त्रास होईल, होऊ द्या. दोन शब्द लिहिले तरी चालतील, "गाळ होता". आणि असं लिहिणाऱ्याला फोन आलाच तर तो शाबासकीचा असावा. फोटोंचं मात्र आवरा. पूर्वी फिटर पाना धरायचा आणि ऑइलर टॉर्च, आता एक माणूस नुसता मोबाइल धरून उभा असतो, आणि तरी मागच्या वर्षीचाच फोटो पुन्हा चढतो.

तिसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही बोटीवर येता तेव्हा ओव्हरड्यूची यादी छापून आणता. पुढच्या वेळी ती घरी ठेवा. क्लोज झालेल्या जॉबमधले पाच डोळे झाकून निवडा, बॉयलर सूट घाला आणि आमच्याबरोबर खाली प्लेटवर या. मगभर डिझेल ओता. इमर्जन्सी फायर पंप स्वतः चालू करा. रॅकवरचे स्पेअर मोजा. सिस्टीममध्ये चार आणि हातात एक असं किती ठिकाणी निघतं ते बघा. दोन तासांत तुम्हाला जे कळेल ते वर्षभराच्या टक्केवारीतून कळणार नाही.

आणि माणसं. जॉब वाढत जातात, कारण प्रत्येक अपघातानंतर, प्रत्येक ऑडिटनंतर फ्लीटमधल्या सगळ्या बोटींवर एक नवा जॉब चढतो. जुना उतरलेला मी अजून पाहिलेला नाही. हात मात्र तेवढेच. दिवसभर खाली राबलेला सेकंड जेवून रात्री आठला कॉम्प्युटरसमोर बसतो आणि अकरापर्यंत जॉब क्लोज करतो. त्याच तीन तासांत रेस्ट अवर्सच्या तक्त्यावर तो झोपलेला असतो, कारण २४ तासांत १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती जुळली पाहिजे. म्हणजे एक नोंद खरी करण्यासाठी दुसरी खोटी. दोन्ही तुमच्याच सर्व्हरवर शेजारी शेजारी पडलेल्या आहेत, लॉग-इनच्या वेळा बघितल्या तरी कळेल.

ऐकतोय की आता तुमच्याकडे बिघाडाचं भाकीत करणारी सॉफ्टवेअर आली आहेत, जुन्या हिस्टरीवरून ती शिकतात. शिकू देत. ती आमची हिस्टरी वाचतील तेव्हा त्यांना कळेल की फ्लोट कधीच अडकत नाहीत, एप्रिलमध्ये ७३१ तास असतात आणि तिसऱ्या बिल्ज पंपाला पॅकिंग फार लागतं. जानेवारी २०२३ मध्ये डीएनव्ही या क्लास संस्थेच्या शिपमॅनेजर सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, सुमारे १,००० जहाजांचा किनाऱ्याशी असलेला तो दुवा तुटला. जहाजं चालूच राहिली. बोटीवरची यंत्रणा ऑफलाइन चालत होती, आणि खाली माणसं होती.

पुढच्या महिन्यात मी परत चढतोय, जिच्यावरून रजेवर आलो त्याच, नसलेल्या बिल्ज पंपाच्या बोटीवर. साताऱ्याचा पोरगा आता सेकंड झालाय आणि तोही तिथेच भेटेल असं त्यानं कळवलंय. आम्ही दोघांनी ठरवलंय की पहिल्या आठवड्यात जे जे खरोखर झालेलं नाही ते लाल करून टाकायचं. स्क्रीन बघून घाबरू नका, बोट बुडत नसेल.

ता. क. नसलेल्या बिल्ज पंपाचा जॉब अजून लायब्ररीत आहे. मी तो मुद्दाम लाल ठेवून रजेवर आलो होतो. मधल्या काळात माझ्या रिलिव्हरनं तो हिरवा केला असेल, तर पॅकिंग कुठल्या साइजचं वापरलं तेवढं कळवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
एक चीफ इंजिनिअर
मु. गुहागर, जि. रत्नागिरी